गाडीतला सराउंड: स्पीकर नका मोजू, चॅनल मोजा

गाडी दारात लावून आत येणाऱ्याचा पहिला प्रश्न स्पीकरचाच असतो. "दादा, किती बसतील?" बसतील हो, बारासुद्धा बसवून देतो. पैसे तुमचे, पत्रा तुमचा. पण बारा स्पीकर बसले म्हणजे सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेगवेगळा आवाज, झाला असं नाही. तुमच्या गाडीच्या मागच्या दारातले दोन स्पीकर बहुतेक वेळा पुढच्या दोघांचीच नक्कल वाजवत असतात. डावीकडे पुढे जे, तेच डावीकडे मागे. चॅनल म्हणजे वेगळा आवाज वाहणारी एक धार. इथे स्पीकर चार, चॅनल दोन. हा साधा स्टिरिओ झाला.

मी मुंबईत कालिन्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या साउंडचं काम करतो. त्याआधी लॅमिंग्टन रोडला डेक दुरुस्तीच्या बाकावर हात बसला. सराउंडच्या नावाखाली लोकांचा बराच पैसा वाया जाताना बघतो, म्हणून काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं, ते लिहितोय. कुठल्या कंपनीचा माल घ्यायचा ते मी सांगणार नाही.

आवाज गाडीत एका वाटेनं येतो. आधी डिस्क, फाइल किंवा फोन. मग तो फॉरमॅट उलगडणारा डीकोडर, जो हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डमधल्या डेकमध्ये) असतो किंवा वेगळ्या प्रोसेसरमध्ये. मग तिथून बाहेर पडणारे चॅनल, मग अ‍ॅम्प, शेवटी स्पीकर. सराउंडच्या ५.१ मध्ये चॅनल सहा: पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर, मागे दोन, आणि '.१' हा फक्त खर्जाचा. या वाटेत एका जागी जरी सहाचे दोन चॅनल झाले, तरी पुढे काहीही लावा, ते दोनच राहतात. त्यामुळे खरेदीच्या आधी एकच शोध घ्यायचा: माझ्या गाडीत सहाचे दोन कुठे होतात?

डिस्क: इथे अजून खरा सराउंड सापडतो

सीडी आली १९८२ मध्ये. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, दोन चॅनल. हिशोब करा, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. बाजारातल्या ऑडिओ सीडीवर दोनच्या वर चॅनल नसतात. अपवाद डीटीएस सीडीचा, आणि त्यानं मोठा गोंधळ घातलाय.

डीटीएस सीडी दिसायला साधी सीडीच. पण त्या १,४११ किलोबिटच्या जागेत दोन चॅनलचा आवाज नसून ५.१चा गुंडाळलेला डेटा असतो. साध्या प्लेअरला ते कळत नाही. तो त्या डेटालाच आवाज समजून वाजवतो आणि कानावर फक्त जोरदार खरखर येते, चॅनल न लागलेल्या जुन्या टीव्हीसारखी. डिस्क खराब नाही, स्पीकरही फाटलेला नाही. मुलुंडचे एक काका अशी डिस्क घेऊन आले होते, ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) बदलायची तयारी करूनच. ट्वीटर ठणठणीत होते. डीकोडर नव्हता एवढंच. अशी डिस्क पहिल्यांदा लावताना व्हॉल्यूम अगदी खाली ठेवा, कारण ती खरखर पूर्ण ताकदीनं येते आणि बारीक ट्वीटर खरंच जाऊ शकतो.

या डिस्कची एमपी३ करून पेन ड्राइव्हवर टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. एमपी३ करताना आवाजाचे न ऐकू येणारे भाग छाटले जातात. इथे छाटला जातो तो डेटाच, मग कुठलाही डीकोडर तो उघडू शकत नाही. वेव्ह किंवा फ्लॅक या काही न छाटणाऱ्या फॉरमॅटमध्ये जशीच्या तशी कॉपी केली तर डेटा शाबूत राहतो. तीही इक्वलायझर किंवा डिजिटल व्हॉल्यूममधून गेली की बिट बदलतात आणि परत खरखर. डीटीएसचा डेटा डीकोडरपर्यंत एकही बिट न हलता पोचला पाहिजे.

डीव्हीडी व्हिडिओचं काम सोपं आहे. त्यावर डॉल्बी डिजिटल असतं, जुन्या माणसांच्या तोंडी एसी-३. १९९२ मध्ये सिनेमागृहात आलं, मग डीव्हीडीवर. डीव्हीडीवर त्याचा वेग जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, म्हणजे सहा चॅनल सीडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी जागेत. तरीही नीट मिक्स केलेली मैफलीची डीव्हीडी गाडीत छान वाजते. डीव्हीडी वाजवणारं जवळजवळ प्रत्येक हेड युनिट डॉल्बी डिजिटल वाचतं. पण बहुतेक युनिट आत वाचून बाहेर दोनच चॅनल सोडतात. डब्यावर डॉल्बीचा शिक्का असतो आणि तो खोटाही नसतो, कारण डीकोडर आत आहेच. प्रश्न बाहेर किती येतं याचा. म्हणून शिक्का बघू नका, युनिट उलटं करून पाठ बघा. फ्रंट, रिअर, सबवूफर एवढेच आरसीए (बाहेर आवाज नेणारे गोल सॉकेट) असतील तर बहुधा स्टिरिओच. 'सेंटर' असा वेगळा आरसीए असेल तर गोष्ट वेगळी. किंवा डिजिटल आउट असेल, ऑप्टिकल अथवा कोअ‍ॅक्सियल, तर त्यातून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस न उलगडता बाहेर काढता येतं आणि वेगळ्या प्रोसेसरला देता येतं. ऑप्टिकलची मर्यादाही लक्षात ठेवा: साधा पीसीएम, म्हणजे न गुंडाळलेला आवाज, फक्त दोन चॅनल, गुंडाळलेला असेल तर ५.१. ब्लू-रेवरचे मोठे लॉसलेस (काही न छाटणारे) फॉरमॅट त्या तारेतून जात नाहीत.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आल्पाइननं पीएक्सए-एच७०० आणि मग एच७०१ असे गाडीसाठीचे प्रोसेसर काढले होते. डॉल्बी डिजिटल, डीटीएस, प्रो लॉजिक २ (ते काय, पुढे सांगतो), सगळं आत. आजही सेकंडहँड बाजारात एखादा दिसतो. घेताना त्याचा कंट्रोलर आणि केबल सोबत आहेत ना ते बघा, नुसता डबा काही कामाचा नाही.

डीव्हीडी ऑडिओ आणि एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) हे शौकिनांचे फॉरमॅट. डीव्हीडी ऑडिओत ५.१ चॅनल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत मिळतात. एलियट शायनर या साउंड इंजिनिअरनं पॅनासॉनिकबरोबर २००४च्या अ‍ॅक्युरा टीएलसाठी याचीच सिस्टिम जुळवली होती. ती गाडी आपल्याकडे आली नाही, फॉरमॅटही पुढे मागे पडला. पण तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर फेकू नका. बहुतेकांवर डीव्हीडी व्हिडिओचा भागही असतो, तो साध्या डीव्हीडी युनिटवर डॉल्बी डिजिटलमध्ये वाजतो. एसएसीडी हायब्रिड असेल तर तिच्यात साध्या सीडीचा थर असतो. गाडीत तोच वाजणार, स्टिरिओत. हायब्रिड नसेल तर डेक डिस्क बाहेर फेकेल.

एक तंबी. डीव्हीडीचं चित्र गाडी चालू असतानाही दिसावं म्हणून हँडब्रेकची तार परस्पर अर्थिंगला जोडून द्या असा हट्ट खूप जण करतात. मी करत नाही. गाणं ऐकायला चित्र लागत नाही.

पेन ड्राइव्ह

आता डिस्क घालायची फटच नसलेल्या गाड्या येतात, त्यामुळे सगळे पेन ड्राइव्हवर. पहिली अडचण फॉरमॅटची नाही, ड्राइव्हची. कितीतरी डेक फक्त फॅट३२ वाचतात. मोठा ड्राइव्ह बाजारातून येतो तो एक्सफॅटमध्ये, डेक म्हणतो 'नो डिव्हाइस', आणि गिऱ्हाईक म्हणतं यूएसबी पोर्ट गेला. कॉम्प्युटरवर फॅट३२ करून बघा आधी. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, पण गाण्यांना ते पुरून उरतं.

दुसरी अडचण चॅनलची. एमपी३ म्हणजे स्टिरिओ, तिथे विषय संपला. फ्लॅकमध्ये आठपर्यंत चॅनल मावतात, एएसीमध्ये त्याहून जास्त. मावतात म्हणजे डेक वाजवेल असं नाही. ५.१ची फ्लॅक लावली की तीन गोष्टी होऊ शकतात. एक, 'अनसपोर्टेड'. दोन, डेक समजूतदार असेल तर सहाचे दोन नीट करून वाजवतो. तीन, आणि हा प्रकार सगळ्यात फसवा: डेक पहिले दोन चॅनल घेतो आणि बाकीचे टाकून देतो. गाणं वाजतं, तबला आहे, व्हायोलिन आहे, आणि गाणारी बाई कुठे लांब दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी. कारण ५.१ मिक्समध्ये मुख्य आवाज बऱ्याचदा सेंटर चॅनलमध्ये असतो आणि तो टाकलेल्या चारांत गेला. तेव्हा खूण साधी: वाद्यं पुढे आणि गायक गायब, तर चॅनल कापले जातायत.

यावर इलाज घरी. ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, सहा पट्ट्या दिसतील. डावा आणि उजवा आहे तसा. सेंटर दोन्हीकडे ३ डेसिबल कमी करून मिसळा. मागचा डावा डावीकडे, मागचा उजवा उजवीकडे, तेही ३ डेसिबल खाली. लाइव्ह मैफल असेल तर मी मागचे ६ डेसिबलपर्यंत खाली नेतो, नाहीतर टाळ्या गाण्यावर चढतात. '.१'वाला एलएफई चॅनल सरळ सोडून दिला तरी चालतं, कारण तो सिनेमातल्या धडधडीसाठी आहे आणि संगीतात खर्जाचं काम मुख्य चॅनल करतातच. सगळं मिसळल्यावर एकूण पातळी वाढते, म्हणून शेवटी पूर्ण फाइल थोडी खाली आणा, पट्टी वरच्या रेषेला टेकता कामा नये. मग स्टिरिओ फ्लॅक करा आणि निवांत ऐका. ज्याला खरा ५.१ बसवायचा नाही त्याच्यासाठी हा रस्ता पुरेसा आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेकांनी इथेच थांबावं.

आणखी एक सापळा. इंटरनेटवरच्या व्हिडिओ फाइलींमध्ये हल्ली डॉल्बी डिजिटल प्लस असतं. नाव सारखं, पण जुना एसी-३ डीकोडर ते उघडू शकत नाही. चित्र येतं, आवाज नाही. युनिट बिघडलेलं नसतं.

फोन, ब्लूटूथ आणि अ‍ॅटमॉस

कळव्याचा एक मुलगा फोन पुढे करून म्हणाला, "हे बघा, अ‍ॅटमॉस लिहून येतंय, म्हणजे गाडीत अ‍ॅटमॉस चालू आहे ना?" नाही रे बाबा. अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा, डोक्यावरूनही आवाज आणणारा सराउंड. फोनच्या पडद्यावर दिसतं ते फोनमध्ये काय आलं ते. गाडीत काय पोचलं ते नव्हे.

ब्लूटूथवर गाणी जातात ती ए२डीपी नावाच्या पद्धतीनं, आणि तिथे दोन चॅनल. आवाज गुंडाळायच्या रीतीला कोडेक म्हणतात; साधा एसबीसी कोडेक साधारण ३२८ किलोबिटपर्यंत, एलडॅक ९९० पर्यंत. आवाज स्वच्छ होतो, चॅनल वाढत नाहीत. महागडा कोडेक घेऊन सराउंड येत नाही. तारेनं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो लावलं तर दर्जा सुधारतो, तरी बाजारात मिळणाऱ्या साध्या युनिटमध्ये आवाज दोन चॅनलचाच धरून चाला.

अ‍ॅपल म्युझिकमध्ये जून २०२१ पासून डॉल्बी अ‍ॅटमॉसची गाणी आहेत. सेटिंगमध्ये ते 'ऑलवेज ऑन' असेल तर साध्या गाडीत गाणं कधी पोकळ, कधी मागे सरकलेलं वाटतं, कारण अ‍ॅटमॉसचं मिक्स वेगळं असतं आणि ते दाबून दोन चॅनलमध्ये कोंबलेलं असतं. 'ऑटोमॅटिक' ठेवा, किंवा गाडीपुरतं सरळ बंद करा. कलाकारानं स्टिरिओसाठी केलेलं मूळ मिक्स ऐकायला मिळेल. तेच जास्त भरीव वाजतं.

खरा अ‍ॅटमॉस असलेल्या गाड्या आता आपल्याकडेही आहेत. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, त्यांच्या वरच्या मॉडेलात हार्मन कार्डनचे १६ स्पीकर आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस. अशा गाडीत डीकोडर गाडीच्या सिस्टिमच्या पोटात असतो. म्हणून गाणं गाडीच्या पडद्यावरच्या अ‍ॅपमधून लावायचं. तेच गाणं फोनवरून ब्लूटूथनं लावलं की परत दोन चॅनल, आणि मग लोक म्हणतात, काही फरक पडत नाही बुवा.

अशा गाडीचा कंपनी फिटिंगचा अ‍ॅम्प बदलायला माझ्याकडे येऊ नका. स्क्रीन ते अ‍ॅम्प यांच्यात साधी आरसीए नसते, डिजिटल बस असते, म्हणजे सगळा डेटा एकत्र वाहणारी तार. मोठ्या जर्मन गाड्यांमध्ये मोस्ट नावाच्या बसची फायबर असायची. मध्ये कात्री लावली तर गाणं जातंच, सोबत रिव्हर्स सेन्सरची पिप आणि सीटबेल्टची घंटाही जाऊ शकते. वॉरंटीचं वेगळंच.

दोनाचे पाच करणारी यंत्रं

गाण्यांचा साठा स्टिरिओ असेल, आणि तो असतोच, तर सराउंडचा दुसरा रस्ता म्हणजे दोन चॅनलमधून पाच काढणं. यातला नामांकित प्रकार डॉल्बी प्रो लॉजिक २, सन २०००चा. तो तयार केला जिम फॉसगेटनं. हा तोच माणूस, ज्यानं १९७३ मध्ये गाड्यांचे अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली आणि ज्याचं नाव आजही रॉकफर्ड फॉसगेटच्या अ‍ॅम्पवर आहे. हार्मनचा लॉजिक ७, डीटीएसचा निओ:६ याच घराण्यातले.

तत्त्व सोपं. डाव्या-उजव्यात जे सारखं आहे, ते मधल्या स्पीकरला. जे दोन्हीकडे वेगळं किंवा उलट्या फेजमध्ये (एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली) आहे, म्हणजे हॉलचा घुमारा, टाळ्या, कोरस, ते मागे. आता विचार करा, आपली जुनी भावगीतं आणि नाट्यगीतं मोनोत रेकॉर्ड झालेली. डाव्या-उजव्यात फरकच नाही. प्रो लॉजिक चालू करा, सगळं गाणं डॅशबोर्डच्या मधल्या टीचभर स्पीकरमध्ये जाऊन बसतं आणि बाकीची गाडी मुकी. सिस्टिम बिघडली नाही, ती नेमून दिलेलं कामच करतेय. जुन्या गाण्यांना हे बटण बंद. मोनो गाणं पुढच्या दोन स्पीकरमधून ऐकावं, गायक मधोमध उभा राहतो.

प्रोसेसर घ्यायचा नसेल आणि डीएसपी, म्हणजे आवाज जुळवायचा डिजिटल डबा, आधीच बसवलेला असेल, तर मागचा सराउंड हातानं करता येतो. मागच्या चॅनलला डावा अधिक, उजवा उणे असं मिश्रण द्या, पातळी पुढच्यापेक्षा ६ ते १० डेसिबल खाली, डिले (आवाज उशिरा सोडणं) १५ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. जुन्या डॉल्बी सराउंडची हीच कृती होती. गायक पुढेच राहतो आणि मागून फक्त हवा खेळते. मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. मात्र हे डीएसपीतच करा. जुन्या पुस्तकांत स्पीकरच्या तारा आडव्या जोडून करायची युक्ती सापडेल. ती घरच्या अ‍ॅम्पसाठी होती. गाडीच्या डेकचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे स्पीकरची कुठलीच तार अर्थिंगची नसते. त्याची तार चुकून बॉडीला लागली तर आतला आयसी (चिप) गेला समजा.

अँड्रॉइड स्क्रीनवर '४डी सराउंड', '९डी' असली बटणं येतात. ते थोडा एको आणि फेज फिरवणं असतं. बंद ठेवा.

बसवताना

सेंटर स्पीकर ही हॅचबॅकची दुखरी जागा. डॅशबोर्डच्या मध्यावर स्क्रीन, एसीची जाळी, खाली चार्जिंग. अडीच-तीन इंची स्पीकर कसाबसा मावतो आणि त्याला खर्ज झेपत नाही. त्याला २०० ते ३०० हर्ट्झच्या वरचंच द्या. जागाच नसेल तर डॅश फोडू नका. डीकोडरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर: नन' करा, कुठे त्यालाच 'फँटम' म्हणतात. मग सेंटरचा आवाज डाव्या-उजव्यात वाटला जातो. स्पीकर नाही आणि सेटिंगमध्ये मात्र आहे, असं राहिलं की संवाद आणि गायक हवेत विरतात.

डिले हे खरं काम आणि त्यावरच लोक वेळ घालवत नाहीत. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर कानाजवळ आणि डावा लांब. मुंबईच्या हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. टेप घ्या, सीट नेहमीच्या जागेवर ठेवा, कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. समजा डिकीतला वूफर १९० सेंटिमीटर, डावं पुढचं दार १४०, उजवं ९०, सेंटर १००. सगळ्यात लांबच्याला शून्य. डाव्याला ५० भागिले ३५, म्हणजे १.४ मिलिसेकंद. उजव्याला १०० भागिले ३५, २.९. सेंटरला २.६. मागच्या दारांचंही असंच, आणि हातानं केलेल्या सराउंडसाठी त्यावर वर सांगितलेले १५ मिलिसेकंद. हे आकडे भरले की गायक उजव्या गुडघ्याजवळून उठून बॉनेटच्या मध्यावर येतो. पैसा शून्य. मात्र हे फक्त ड्रायव्हरच्या कानासाठी जुळलं. बाजूला वहिनी बसल्या असतील तर त्यांना सगळं डावीकडे ओढलेलं वाटेल. म्हणून दोन प्रीसेट करून ठेवा, एक एकट्याचा आणि एक घरच्यांसोबतचा, दुसऱ्यात डिले निम्मे.

वूफरला ८० हर्ट्झखालचं द्या, दारांना त्यावरचं. एलएफई चॅनल वेगळा येत असेल तर तो ठरवूनच बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल वर वाजवायचा असतो. प्रोसेसर ते आतच करत असेल तर अ‍ॅम्पवर पुन्हा चढवू नका.

वॅटचं थोडक्यात: डेकवर '५० गुणिले ४' लिहिलेलं असतं ते कमाल, प्रत्यक्षात टिकून मिळतात ते चॅनलमागे २० वॅट आरएमएसच्या आसपास. ५.१ साठी वेगळा अ‍ॅम्प लागतोच. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. पॉवरची तार एका बाजूनं, आरसीए दुसऱ्या बाजूनं, नाहीतर रेस दिली की कुंई आवाज.

आणि पाऊस. दाराच्या आत प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. फिटर घाईत तो फाडतो आणि जूनमध्ये काचेवरून उतरलेलं पाणी सरळ स्पीकरच्या पाठीवर. पडदा परत नीट चिकटवून घ्या, समोर उभं राहून. आपल्याकडे कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. अ‍ॅम्प स्टेपनीच्या खड्ड्यात तर मुळीच ठेवू नका. हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पाण्यात गाडी घातली की पहिलं पाणी तिथेच साठतं. सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला, थोडा उंच.

पैसे देण्याआधी

सहा चॅनल एकेक करून बोलणारी टेस्ट फाइल घ्या: 'फ्रंट लेफ्ट', 'सेंटर' असं नाव घेत जाणारी. ज्या रस्त्यानं तुम्ही रोज ऐकणार, त्याच रस्त्यानं लावा. डिस्क असेल तर डिस्कवरून, गाडीचं अ‍ॅप असेल तर अ‍ॅपवरून. 'सराउंड लेफ्ट' म्हणताना पुढचा स्पीकरही बोलला, तर वाटेत कुठेतरी सहाचे दोन झालेत. फिटर म्हणेल, "थोडं मिक्स होतंच." होत नाही.

मग इंजिन चालू करून उभ्या गाडीत एकदा, आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून मी गाडी सकाळी लवकर ईस्टर्न फ्रीवेवर नेतो. टायरचा घरघराट खर्ज गिळतो आणि मागचा बारीक सराउंडही गिळतो. उभ्या गाडीत जुळवलेला वूफर तिथे २-३ डेसिबल वर लागतो. तेवढाच द्या आणि सिग्नलला उभं राहून परत ऐका. अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा काचा लावून ऐकू आला पाहिजे, व्हॉल्यूमची कमाल तिथे ठरवा.

बिलावर युनिटचं मॉडेल, प्रोसेसरचं मॉडेल आणि किती चॅनल आउट आहेत ते लिहून घ्या. जुना डेक, त्याची फ्रेम आणि कंपनीचा कपलर (तारांचा जोड) दुकानात सोडू नका, पिशवीत घालून घरी न्या. गाडी विकताना तोच कपलर शोधत लोक माझ्याकडे येतात, आणि तोवर तो कुठल्या तरी दुसऱ्या गाडीत लागलेला असतो.